जुन्या प्रोसेसरांना मुक्त सॉफ्टवेअरने किती काळ साथ द्यावी? (वजनकाटे, शाळा आणि खानदेशातली इतर यंत्रं)

तापीकाठ

रावेर-सावद्याकडचे केळीचे वजनकाटे, जिनिंग-प्रेसिंग, जळगावच्या डाळमिली, धडगाव-अक्कलकुव्याच्या शाळा. कुठंही डोकावा, पंधरा-वीस वर्षांचं एखादं यंत्र रोज कामावर असतं. काट्याला सिरीयल पोर्ट लागतो, तो जुन्या मदरबोर्डावर असतो, म्हणून यंत्र हलत नाही. शाळेत देणगीतून आलेलं असतं, म्हणून बदलत नाही.

आता एकेक दार बंद होतंय. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन (लिनक्सचं एक मोठं वितरण) १३ आलं, त्यात ३२-बिट आय३८६ (इंटेल-एएमडीच्या ३२-बिट प्रोसेसरांचा गट) साठी ना कर्नल (सिस्टिमचा गाभा), ना इन्स्टॉलर. फायरफॉक्स १४५ पासून लिनक्सवर ३२-बिट मिळत नाही. उबुंटूने १७.१० लाच ३२-बिट डेस्कटॉप सोडलं. रेड हॅटच्या दहाव्या आवृत्तीला तर ६४-बिट असूनही भागत नाही, एव्हीएक्स२ हा सूचनासंच असलेला प्रोसेसर हवा, म्हणजे साधारण २०१३ च्या इंटेल हॅसवेल पिढीपासून पुढचा.

दोन प्रश्न आहेत. या यंत्रांवर आज नेमकं काय बसवावं? आणि प्रकल्पांनी असा आधार काढणं बरोबर आहे का? मला ते पटत नाही. जे सॉफ्टवेअर कोणालाही बदलता येतं, त्याने चालू यंत्राला कालबाह्य ठरवू नये.

---

पांझरा

पहिल्या प्रश्नापासून सुरू करू, कारण ‘३२-बिट’ म्हणून बाजूला ठेवलेली बरीच यंत्रं मुळात ६४-बिट असतात. त्यांच्यावर ३२-बिट एक्सपी किंवा विंडोज ७ होतं, एवढंच. स्टिकरवर विश्वास ठेवू नका. कोणतंही जुनं लाइव्ह लिनक्स पेनड्राइव्हवरून चालू करा, टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ द्या आणि फ्लॅग्जच्या ओळीत ‘एलएम’ शोधा. एलएम म्हणजे लाँग मोड. तो असेल तर डेबियन १३ चं एएमडी६४ (६४-बिट आवृत्ती, इंटेललाही तीच) सरळ बसतं.

ढोबळ ओळख सांगतो. कोअर २ ड्युओ ६४-बिट, पण नावाने तसाच दिसणारा नुसता कोअर ड्युओ (२००६, ‘२’ नसलेला) ३२-बिट. पेंटियम डी ६४-बिट. पेंटियम एम ३२-बिट. पेंटियम ४ मध्ये दोन्ही प्रकार, तपासल्याशिवाय बोलूच नका. छोट्या नेटबुकांत ॲटम एन२७० ३२-बिट, एन४५० ६४-बिट.

रॅम १ जीबी असेल तर ६४-बिटवर ब्राउझर गुदमरतो. २ जीबीला झेडरॅम (रॅममधली माहिती दाबून साठवण्याची सोय) चालू करून, हलका डेस्कटॉप ठेवून काम निभतं.

---

शेवभाजी

एक भर घालतो. बे ट्रेल पिढीच्या स्वस्त नेटबुकांत आणि टॅबलेटांत (ॲटम झेड३७३५एफ वगैरे) प्रोसेसर ६४-बिट, पण फर्मवेअर (यंत्र सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) ३२-बिट यूईएफआय असतं. अशा यंत्राला ६४-बिट पेनड्राइव्ह दिसतच नाही आणि लोक समजतात की यंत्रच ३२-बिट. पेनड्राइव्हच्या ईएफआय बूट फोल्डरमध्ये ‘बूटआयए३२’ नावाची फाइल असावी लागते. डेबियनच्या एएमडी६४ प्रतिमेत ती आधीपासून असते, म्हणून अशा यंत्रावर पहिला प्रयत्न डेबियननेच करा.

---

गिरणातीर

दुसऱ्या प्रश्नावर माझं मत तापीकाठ यांच्या उलट. आधार काढला तो बरोबर काढला.

एखादं आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) ‘चालू ठेवणं’ म्हणजे कपाटातल्या फाइलीसारखं पडून राहू देणं नव्हे. प्रत्येक पॅकेज त्यासाठी बांधायचं, चाचण्या चालवायच्या, पडल्या तर कारण शोधायचं, सुरक्षेचं प्रत्येक ठिगळ (पॅच) पुन्हा तिथे लावायचं. ३२-बिट प्रक्रियेला ३२-बिट कर्नलवर साधारण ३ जीबी आणि ६४-बिट कर्नलवर जेमतेम ४ जीबी पत्ते मिळतात. आजचा ब्राउझर किंवा एलएलव्हीएम (कंपायलरांचा पाया) लिंक करताना, म्हणजे बांधलेले तुकडे जोडताना, तेवढ्यात मावत नाही. कितीही रॅम घाला, पत्तेच संपतात. मग त्या एकट्या पॅकेजासाठी वेगळे फ्लॅग, वेगळा लिंकर, डीबगची माहिती कमी करणं, असं करत माणसं तिथेच अडकतात.

दुसरं घड्याळाचं. ३२-बिट सेकंदांची मोजणी १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपते. डेबियन १३ ने एआरएमएचएफसारखी (३२-बिट एआरएम) ३२-बिट आर्किटेक्चर ६४-बिट वेळेवर नेली. आय३८६ मुद्दाम नेलं नाही, कारण त्याचं उरलेलं काम म्हणजे जुने तयार प्रोग्रॅम ६४-बिट यंत्रावर चालवणं. वेळेचा आकार बदलला असता तर नेमके तेच प्रोग्रॅम मोडले असते.

आणि हे काही नवीन नाही. ज्या ३८६ वर १९९१ मध्ये लिनक्स जन्मलं त्याचा आधार कर्नल ३.८ मध्ये, २०१३ ला गेला. ते काढण्याचे बदल इंगो मोलनार यांनी पाठवले. २०१८ मध्ये ४.१७ मधून ब्लॅकफिन, टाइल, क्रिस अशी आठ आर्किटेक्चर एकदम गेली. इटॅनियम ६.७ मध्ये गेलं. यातलं काहीही वापरणाऱ्यांचा द्वेष करून गेलं नाही. सांभाळणारं कोणी उरलं नाही म्हणून गेलं.

---

कळण्याचीभाकरी

गिरणातीरभाऊ, खर्चाचं सगळं मान्य. पण वेगवेगळ्या आर्किटेक्चरवर चालवून बघण्याचा फायदा तुम्ही धरलाच नाही, आणि आपल्यासारख्या देवनागरी लिहिणाऱ्यांना तो सगळ्यात जास्त आहे. दोन उदाहरणं नीट उलगडून सांगते.

एक. सी भाषेत ‘कॅर’ हा प्रकार धन-ऋण धरायचा की नुसता धन, हे भाषेने ठरवलेलं नाही. लिनक्सवर एक्स८६ (इंटेल-एएमडी) ला तो ऋणही होतो, एआरएम आणि पॉवरपीसीवर होत नाही. आता ‘क’ घ्या. यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये त्याचे तीन बाइट: ई०, ए४, ९५. पहिला बाइट ई० म्हणजे २२४. एक्स८६ वर तोच कॅरमध्ये टाकला की होतो उणे ३२. कोणी अक्षर ओळखायला २५६ खान्यांचा तक्ता करून त्यात थेट या कॅरने बोट ठेवलं, तर बोट तक्त्याच्या ३२ घरं अलीकडे पडतं. इंग्रजी मजकुराला हे कधीच होत नाही, कारण त्याचे सगळे बाइट १२८ च्या खाली. मराठी मजकुराला पहिल्याच अक्षराला होतं. कधी चुकीचं उत्तर येतं, कधी प्रोग्रॅम कोसळतो. उलट बाजूला, फाइल एकेक अक्षर वाचून कॅरमध्ये घेणारं आणि उणे एक आलं की थांबणारं आवर्तन एआरएमवर कधीच थांबत नाही, कारण तिथे कॅरला उणे एक होताच येत नाही. एकाच यंत्रावर चाचणी करणाऱ्याला या दोन चुकांतली एकच दिसणार.

दोन. बाइटांचा क्रम. ‘क’ चा युनिकोड क्रमांक ०९१५. यूटीएफ-१६ फाइलीत तो दोन बाइटांत बसतो. प्रोग्रॅमने क्रम न विचारता ते दोन बाइट सरळ १६-बिट पूर्णांकात ओतले, तर बिग-एंडियन (वरचा बाइट आधी) आणि लिटिल-एंडियन (खालचा बाइट आधी) यंत्रांपैकी एकावर वाचलं जातं १५०९, आणि ती जागा कॅनडातल्या आदिवासी लिपीची आहे. बाकीची मराठी अक्षरंही अशीच भलत्याच लिप्यांत आणि चिन्हांत विखुरतात. अशा चुका पॉवरपीसी, स्पार्क, एस३९०एक्स असल्या यंत्रांवर बांधणाऱ्यांनी पकडून दिल्या की सगळ्यांसाठी दुरुस्त होतात.

---

अजिंठाघाट

+१. फार उपयोगी प्रतिसाद. पण बिग-एंडियन यंत्र जळगावात आणायचं कुठून?

---

कळण्याचीभाकरी

आणायला लागत नाही. डेबियनवर तीन गोष्टी बसवा: एस३९०एक्सचा क्रॉस जीसीसी (दुसऱ्या आर्किटेक्चरसाठी बांधणारा कंपायलर), क्यूईएमयूचा (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमचा) युजर-स्टॅटिक भाग आणि अशा फाइली त्याच्याकडे वळवणारं बिनएफएमटी. प्रोग्रॅम ‘स्टॅटिक’ पर्याय देऊन क्रॉस जीसीसीने बांधा आणि नेहमीसारखा चालवा. कर्नल ओळखतो की ही दुसऱ्या आर्किटेक्चरची फाइल आहे आणि ती क्यूईएमयूकडे देतो. छोट्या लायब्ररीच्या चाचण्या याने आरामात होतात. एस३९०एक्स हे आयबीएमच्या मेनफ्रेमचं आर्किटेक्चर, बिग-एंडियन, आणि डेबियनमध्ये अजूनही अधिकृत आहे.

याची मर्यादाही ध्यानात ठेवा. काही खऱ्या यंत्रांवर चार बाइटांचा आकडा चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून वाचला तर बस एरर येऊन प्रोग्रॅम तिथेच मरतो. एक्स८६ वर चालणारं क्यूईएमयू ते बऱ्याचदा चालवून घेतं. ती चूक पकडायला जीसीसीचा अनडिफाइन्ड-बिहेविअर सॅनिटायझर वापरा, त्यात अलाइनमेंटची तपासणी असते.

---

वाघूर

‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ हा संदेश जुन्या यंत्रावर सगळ्यात जास्त दिसतो, त्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

अर्थ एवढाच की प्रोग्रॅममध्ये तुमच्या प्रोसेसरला माहीत नसलेली सूचना आली. शोधायची रीत: प्रोग्रॅम जीडीबी या डीबगरखाली (चुका शोधण्याच्या साधनाखाली) चालवा. कोसळला की ज्या पत्त्यावर थांबलाय तिथली एक सूचना छापून घ्या. ‘एक्सएमएम’ रजिस्टर आणि दुहेरी अचूकतेच्या (डबल) दशांश आकड्यांचं काम दिसलं तर बहुधा एसएसई२ हा सूचनासंच. ‘वायएमएम’ दिसलं तर एव्हीएक्स. ‘पॉपसीएनटी’ दिसलं तर २००८ च्या नेहालेमपासूनची पातळी, ज्याला आता एक्स८६-६४-व्ही२ म्हणतात. पेंटियम ३ आणि ॲथलॉन एक्सपी यांना एसएसई आहे पण एसएसई२ नाही, म्हणून आज सगळ्यात जास्त मार तेच खातात.

कारणं ठरलेली असतात. कोणीतरी नव्या यंत्रावर ‘मार्च-नेटिव्ह’ (याच प्रोसेसरसाठी बांध) देऊन बांधलेलं असतं आणि तीच फाइल जुन्यावर नेलेली असते. किंवा प्रकल्पाच्या बिल्ड फाइलीत एसएसई४ कायमचं लिहून टाकलेलं असतं. डेबियनचं आय३८६ बांधणारी यंत्रं स्वतः नवी एएमडी६४ असतात, त्यामुळे बांधताना चाचण्या पास होतात आणि चूक खऱ्या जुन्या यंत्रावर जाऊन पडते.

यावर उपाय आहे आणि वेगही जात नाही. त्या एका फंक्शनवर जीसीसीची ‘टार्गेट-क्लोन्स’ खूण लावायची. कंपायलर त्याच फंक्शनच्या दोन-तीन प्रती करतो, एक साधी, एक एव्हीएक्स२ ची, आणि प्रोग्रॅम सुरू होताना प्रोसेसर बघून योग्य ती जोडली जाते. एका ओळीचं काम. असं ठिगळ पाठवलं की बहुतेक सांभाळकर्ते घेतात, कारण त्यांच्या वेगवान वाटेला धक्का लागत नाही. ‘एसएसई४ काढून टाका’ असं ठिगळ पाठवलं तर कोणी घेणार नाही.

---

अजिंठाघाट

अवांतर: गणिताच्या चाचण्या फक्त जुन्या ३२-बिटवरच शेवटच्या दशांशात चुकतात, ते यामुळेच का?

---

वाघूर

नाही, ते वेगळं. एसएसई२ नसताना गणित एक्स८७ वर, म्हणजे प्रोसेसरातल्या दशांश गणिताच्या जुन्या भागावर होतं. त्याची रजिस्टरं ८० बिटांची, आणि आकडा मेमरीत गेला की ६४ ला कापला जातो. कधी जाईल हे कंपायलर ठरवतो, त्यामुळे तेच गणित दोनदा करून तुलना केली तर वेगळं येऊ शकतं. एसएसई२ असलेल्या यंत्रावर जीसीसीला ‘एफपीमॅथ’ एसएसई सांगा. नसेल तर चाचणीतच बारीक फरकाची सूट ठेवा, नुसतं बरोबरीचं चिन्ह लावू नका.

---

दीपनगर

सगळे सॉफ्टवेअरचंच बोलताहेत. विजेचंही बघा. ३ गिगाहर्ट्झचा प्रेस्कॉट पेंटियम ४ नुसत्या प्रोसेसरला ८९ वॅट उष्णता सोडतो. सेलेरॉन जे१८०० चा आकडा १० वॅट. पूर्ण यंत्राचा फरक १०० वॅट धरला, रोज १० तास, महिन्याला २६ दिवस, तर २६ युनिट. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या काटाघरात हीटसिंकखालची पेस्ट वाळलेली असेल तर प्रेस्कॉट स्वतःच वेग कमी करतो आणि लोक लिनक्सला मंद म्हणतात. इन्व्हर्टरवर तर हिशोब आणखी वाईट. जिथे दिवसभर चालतं तिथे ते यंत्र बदलाच.

---

तापीकाठ

@दीपनगर, काट्यासाठी मान्य. शाळेत यंत्र दिवसाला दोन तास चालतं, तिथे हाच फरक महिन्याला पाच युनिटांवर येतो. तेवढ्यासाठी वीस यंत्रं भंगारात देणं मला पटत नाही.

पण काटा जे१८०० वर न्यायचा तर सिरीयल पोर्टचं काय?

---

शेवभाजी

काही जे१८०० बोर्डांवर सिरीयल असतो, मागे नसला तरी बोर्डावर दहा पिनांचा ‘कॉम’ हेडर असतो. त्याला पट्टी लावून नऊ पिनांचं तोंड बाहेर काढता येतं. पट्टी घेताना जोडणीचे दोन प्रकार असतात ते बघा. चुकीची पट्टी लावली तर पोर्ट दिसतो पण आकडे येत नाहीत.

यूएसबी कन्व्हर्टर लावायचा तर एफटीडीआय चिपचा घ्या. सीएच३४० चिपचा स्वस्त आणि चालतोही, पण त्याला स्वतःचा अनुक्रमांक नसतो. एकाच यंत्राला दोन काटे असतील तर रीबूटनंतर टीटीवाययूएसबी० आणि १ ही पोर्टांची नावं अदलाबदल होतात आणि भरलेल्या ट्रकचं वजन दुसऱ्याच पावतीवर छापलं जातं. एफटीडीआयला ‘सिरीयल बाय-आयडी’ची (अनुक्रमांकावरून ठरणारी) वाट द्या, सीएच३४० ला ‘बाय-पाथ’ची (यूएसबी तोंडावरून ठरणारी), आणि कोणत्या यूएसबी तोंडात कोणता काटा ते यंत्रावर रंगाने लिहून ठेवा.

उबुंटू २२.०४ वर सीएच३४० लावताच गायब होतो. ब्रेल पडद्यांसाठीचं बीआरएलटीटीवाय त्याला आपलं समजून पकडतं. ज्या यंत्रावर ब्रेल पडदा वापरायचा नाही तिथे ते काढून टाका. आणि वापरणाऱ्याला ‘डायलआउट’ गटात घाला, म्हणजे पोर्ट वापरायची परवानगी मिळते.

---

मेहरूण

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेमुळे जुनी आर्किटेक्चर मरताहेत असं वाचतो. आपल्या ३२-बिटचंही तेच होणार का?

---

गिरणातीर

तो वेगळा गट. २०१७ मध्ये एलआयबीआरएसव्हीजी (एसव्हीजी चित्रांची लायब्ररी) रस्टकडे गेलं, २०२१ मध्ये पायथनचं क्रिप्टोग्राफी, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एपीटीचे (डेबियनमध्ये पॅकेजं बसवणाऱ्या साधनाचे) सांभाळकर्ते जुलियन आंद्रेस क्लोडे यांनी मे २०२६ नंतर एपीटीलाही रस्ट लागेल असं जाहीर केलं. यात अडचण अल्फा, एचपीपीए, एसएच४ वगैरेंची, कारण रस्ट एलएलव्हीएमवर उभं आहे आणि तिथे या प्रोसेसरांना नीट आधार नाही.

आय६८६ ला (आपल्या ३२-बिट इंटेल-एएमडीला) रस्ट आहे. फक्त त्याचं आय६८६ लक्ष्य पेंटियम ४ धरून चालतं, म्हणजे पुन्हा एसएसई२. त्याखालच्या यंत्रांसाठी वेगळं आय५८६ लक्ष्य आहे.

---

पांझरा

मूळ प्रश्नाकडे येतो. खरोखर ३२-बिट असलेल्या यंत्रावर आज काय:

डेबियन १२. त्याचा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. या यंत्रावर १३ कडे अपग्रेड अजिबात करू नका, डेबियननेच तसं सांगितलंय. कर्नल जुनाच राहतो, वरचं सगळं नवं होतं, आणि एसएसई२ नसेल तर यंत्र उठतही नाही. ॲथलॉन एक्सपी, पेंटियम ३ असेल तर डेबियन १२ किंवा त्यावर आधारलेलं अँटीएक्स. एएमडी जिओडवाल्यांना मात्र डेबियन १२ सुद्धा नाही, कारण त्या आवृत्तीपासून ‘लाँग नॉप’ ही सूचना लागते आणि जिओडला ती माहीत नाही.

पडदा नको, नुसतं काट्याचं काम हवं, तर अल्पाइनचं ३२-बिट घ्या. ते मसल ही सी लायब्ररी वापरतं आणि ३.१३ पासून त्याची वेळ ६४-बिट आहे, म्हणजे २०३८ चा प्रश्न नाही. नेटबीएसडी आणि ओपनबीएसडीमध्येही आय३८६ जिवंत आहे. फ्रीबीएसडीने १५ पासून सोडलं.

ब्राउझरसाठी फायरफॉक्स ईएसआर (दीर्घ आधाराची आवृत्ती) १४० आहे, निदान सप्टेंबर २०२६ पर्यंत. त्यानंतर अशा यंत्राला इंटरनेटवर नेऊ नका, शाळेच्या अंतर्गत जाळ्यावरचे धडे दाखवायला ते चांगलं आहे.

---

भुसावळजंक्शन

हाई खरं शे. आणि आधी सीआर२०३२ चा सेल बदला! तारीख २००५ वर गेली की एकही सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही, एपीटी म्हणतं रिलीज फाइल अजून वैध नाही, आणि आपण नेटवर्क तपासत बसतो.

---

वाघूर

तापीकाठ, आधार टिकावा असं वाटतं तर एक काम सांगतो. जुन्या यंत्रावर ‘एलएसमॉड’ची (चालू कर्नल मॉड्यूलांची) यादी फाइलीत घ्या. ती वेगवान यंत्रावर नेऊन नव्या कर्नलच्या आरसी (अंतिम होण्याआधीच्या चाचणीच्या) आवृत्तीत ‘लोकलमॉडकॉन्फिग’ करा, आर्किटेक्चर आय३८६ द्या. सगळे मॉड्यूल न बांधता फक्त लागणारे बांधले जातात, काही मिनिटांत डेब पॅकेज हातात येतं. ते जुन्यावर लावा, ‘डीएमईएसजी’ (कर्नलचे संदेश) जपून ठेवा. बिघडलं तर ‘गिट बायसेक्ट’ करा. हजार कमिटमधून (नोंदवलेल्या बदलांमधून) दोषी कमिट दहाएक पायऱ्यांत सापडतो. नेमका कमिट, प्रोसेसरची माहिती आणि पूर्ण डीएमईएसजी असलेली तक्रार खरी दखल घेऊन वाचली जाते. ‘जुन्यावर चालत नाही’ एवढ्याला कोणी काय उत्तर देणार?

---

गिरणातीर

याला माझा पूर्ण पाठिंबा. मी वर लिहिलं तेच, फक्त दुसऱ्या टोकाने. दर आरसीला दोन खऱ्या यंत्रांवर कोणी चालवून बघतंय हे सांभाळकर्त्याला माहीत असेल तर काढण्याचा विषय निघाला की विचारणा आधी त्या माणसाकडे जाते.

---

तापीकाठ

माझं पहिल्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य मी बदलतो. चाचणी कोण करणार हे न सांगता आधार मागणं बरोबर नव्हतं. एक पेंटियम एम आणि एक एन२७० चाचणीला ठेवतो, दर आरसीचं इथेच लिहीन. शाळांच्या यंत्रांची छाननी पांझरा यांच्या रीतीने ‘ग्रेप’ (मजकुरात शब्द शोधणारी आज्ञा) लावून करतोय. एन२७० वरसुद्धा ‘एलएम’ सापडलं, हे कसं?

---

पांझरा

तुम्हाला ‘एलएएचएफ_एलएम’ सापडलं असणार. तो वेगळा फ्लॅग आहे आणि ३२-बिट एन२७० वरही दिसतो. ग्रेपला ‘डब्ल्यू’ पर्याय द्या, म्हणजे पूर्ण शब्दच धरला जाईल. किंवा एलएससीपीयूची ‘सीपीयू ऑप-मोड’ ही ओळ बघा, त्यात ६४-बिट लिहिलेलं नसेल तर ते यंत्र डेबियन १२ च्या गटात टाका.

---

मेहरूण

काट्याचं सॉफ्टवेअर डॉसमधलं फॉक्सप्रो असेल तर ६४-बिटवर कसं?

---

शेवभाजी

डॉसबॉक्स. कॉन्फिग फाइलीत सिरीयल१ ला ‘डायरेक्टसिरीयल’ लिहून खरा पोर्ट द्या. आधी मिनिकॉमने काट्याचे आकडे येतात का ते बघा. कचरा अक्षरं आली तर बॉड रेट किंवा पॅरिटी चुकलीय. ९६००, ८-एन-१ (८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट) पासून सुरुवात करा, मग २४००, मग ७-ई-१ (७ बिट, सम पॅरिटी). मिनिकॉममध्ये आकडा स्थिर दिसल्यावरच डॉसबॉक्सला हात लावा.